बूट-बदक

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याची फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "रोज चालायला हवं." मी म्हटलं, "दिवसभर शिलाई मशीनवर पाय चालतच असतो की माझा." ते हसले नाहीत. डॉक्टरांना विनोद कळत नाही असं नाही, पण बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली असतात.

मी कपडे दुरुस्त करून देते. नवं काही शिवत नाही. चेन बदलणं, पँट आखूड करणं, ढगळ झालेलं आवळणं आणि आवळलेलं सैल करणं. माणसं सुटतात, वाळतात आणि ते निस्तरायला माझ्याकडे येतात. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीशी इस्त्रीचं टेबल, टेबलाखाली चिंध्यांचं पोतं आणि मशीनच्या खणात बटणांचा गोल पत्र्याचा डबा. एवढा पसारा सोडून चालायला कोण जाणार? पण आमची शेजारीण डॉक्टरांच्याही वरताण. दुसऱ्या दिवशी सकाळी पायांत बूट चढवून दारात हजर.

"चला ताई, नदीकाठच्या बागेत जाऊ."

"बाग नको. रस्त्यानंच चालू."

"रस्त्यावर काय धूर खायचाय? बागेत किती छान केलंय आता, बघाल तरी."

ती आमच्या इमारतीत नवीन राहायला आलेली. तिला काय सांगणार? आमची मुलगी गेल्यापासून मी त्या बागेत पाऊल टाकलं नव्हतं. तिथे झोपाळे आहेत, आणि त्यातला डावीकडचा तिचा ठरलेला होता. ती सदा गुणगुणायची. जेवताना, वेणी घालून घेताना, झोका घेताना, अगदी रुसून कोपऱ्यात बसली तरी. म्हणून आम्ही तिला भुंगा म्हणायचो. सात वर्षांची होती, तापाचं निमित्त झालं आणि गेली. आडवळणानं सांगायची मला सवय नाही, आणि आडवळणानं सांगून कमी दुखतं असंही नाही.

पण शेजारीण एकदा चिकटली की सुटायची नाही. म्हटलं, चला, वर झोपाळ्यांकडे बघायचंच नाही, खालच्या वाटेनं पाण्याच्या कडेकडेनं जायचं आणि परत यायचं. तिची हौस भागेल, माझा गुडघाही गप्प बसेल.

खालच्या वाटेला एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला काठ ढासळू नये म्हणून बांधलेली उंच भिंत. माझ्या आठवणीत ती नुसती करडी होती, वर शेवाळ आणि कुणीकुणी बदामात कोरलेली नावं. आता पाहते तर भिंत दिसेचना. वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटक्या कपबशांचं एकच चित्र. निळ्या बशांच्या तुकड्यांची नदी, तीत पांढरे मासे, किटलीच्या झाकणांची कासवं, कपांच्या कानांची वेल आणि हिरव्या बाटल्यांच्या काचांचं लव्हाळं. सकाळचं ऊन पडलं होतं आणि सगळी भिंत ओली असल्यागत चमकत होती.

"बघा! म्हटलं नव्हतं?" शेजारीण म्हणाली, जणू ते तुकडे तिनंच लावले होते.

एका बाजूला पाटी होती. शहरातल्या घराघरांतून फुटकी भांडी मागून आणून हे चित्र केलं आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं. मी म्हटलं, "वा. कचऱ्याच्या डब्यात टाकायचं ते भिंतीला चिकटवलं, की झाली कला."

"तुमच्या तोंडून काही म्हणून चांगलं निघत नाही हो ताई."

खरं होतं तिचं. पण नावं ठेवता ठेवता माझे पाय मंद झाले होते. तो एकेक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या ओट्यावरून पडलेला. कुणी 'अरे देवा' म्हटलं असेल, कुणाच्या पाठीत धपाटा बसला असेल, कुणी सासूला दिसायच्या आत केरात लपवला असेल. एवढी घरं एका भिंतीवर बघायची म्हणजे वेळ लागतोच.

आणि काम सफाईचं होतं. मला त्यातलं थोडं कळतं, कारण आमचे हे फरशा बसवतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. मी भिंतीवरून बोट फिरवून पाहिलं, एक कड बोटाला लागत नव्हती. मागे बरेच दिवस ते 'नदीवर भिंतीचं काम आहे' म्हणून जात होते, ते हेच असणार. घरी येऊन भिंतीवर मासे आहेत की हत्ती, ते सांगतील तर शपथ. त्यांच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे लाकडातून गंजका खिळा काढण्यासारखं आहे.

वाट वळते तिथे, लव्हाळ्याच्या पायथ्याशी, अगदी खाली शेजारणीनं बोट दाखवलं.

"हे काय हो? नदीत बूट कशाला काढलाय?"

पांढऱ्या तुकड्यांवर लाल रंगाचं काहीतरी होतं. मध्ये फुगीर, एका टोकाला वर वळलेलं. दुसऱ्या टोकाला, वरच्या अंगाला, भिंतीत चार बोटांएवढी जागा रिकामी होती. नुसता करडा खळगा.

मी खाली बसले. गुडघा कडाडला, तरी बसले.

"बूट नाही तो," मी म्हटलं. "बदक आहे."

"बदक? मग डोकं कुठंय?"

डोकं माझ्या घरी होतं. बटणांच्या डब्यात.

भुंगा डावखुरी होती. तिला दुधासाठी एक पांढरा कप आणला होता, त्याच्यावर पिवळं बदक. पण ज्यांनी कोणी तो केला त्यांनी बदक एकाच बाजूला छापलेलं. उजव्या हातात कप धरला की बदक पिणाऱ्याकडे बघणार, डाव्या हातात धरला की समोरच्याकडे. पहिल्याच दिवशी भुंगानं भोकाड पसरलं, "बदक माझ्याकडे बघतच नाही!" मिस्त्री म्हणाले, "मग उजव्या हातानं पी." मी म्हटलं, "तिच्या हाताला काय धाड भरलीय?" आणि लाल नेलपॉलिशची बाटली आणून रिकाम्या बाजूवर दुसरं बदक काढलं. चित्रकलेचा आणि माझा छत्तिसाचा आकडा. बदक झालं बुटासारखं. भुंगा पोट धरधरून हसली आणि तिनं त्याचं नाव ठेवलं बूट-बदक. धुऊन धुऊन ते पुसट व्हायचं, मी पुन्हा गिरवायची, आणि दर वेळी ते आणखीच बूट व्हायचं.

ती गेल्यावर कप ओट्यावरच्या फळीवर तसाच होता. त्याला कुणी हात लावत नाही असा माझा समज. मग एकदा मी बहिणीकडे राहून परत आले आणि पाहते तर फळी रिकामी.

"कप कुठंय?"

"फुटला," मिस्त्री म्हणाले.

"तुकडे?"

"टाकले."

एवढंच बोलले आणि बाहेर जाऊन हत्यारं धुवायला बसले. त्या दिवशी मी जे बोलले ते सगळ्या जिन्यानं ऐकलं. दगडाला पाझर फुटला असता, पण हा माणूस थापी घासत राहिला. तेव्हापासून आमच्या घरात दोन भाडेकरू राहावेत तसं झालं. वाढलंय. दिवा घालवू का. पाणी येऊन गेलं. एवढ्यावर दिवस निघायचा. भुंगाचं नाव ना त्यांच्या तोंडी, ना माझ्या.

पुढे केव्हातरी मी शेगडी सरकवून झाडत होते, तर खालून एक तुकडा निघाला. कपाची काठाकडची बाजू, आणि तिच्यावर बूट-बदकाचं डोकं. चोच आणि एक वाकडा डोळा. मी तो पुसला आणि बटणांच्या डब्यात ठेवला. मिस्त्रींना सांगितलं नाही. का सांगू? ज्यानं बाकीचे केरात टाकले त्याच्या हाती हाही देऊ? बटण शोधायला डबा उघडला की बोटांना तो तुकडा लागायचा आणि बरं वाटायचं. बरं म्हणजे काय, रडूच यायचं, पण ते माझं एकटीचं असायचं.

आणि आता बाकीचं बदक माझ्यासमोर भिंतीत बसलं होतं, जगजाहीर.

"काकू, त्या खळग्यात काही घालू नका हां," मागून कुणीतरी म्हणालं. बागेचा माळी होता, हातात पाण्याचा पाइप. "मिस्त्री रागावतो."

"कोण मिस्त्री?" मी विचारलं.

"ही भिंत ज्यांनी केली त्यातला एक. अबोल माणूस आहे. रविवारी सकाळी येतो, ब्रश आणि डबी घेऊन. या बुटावर वॉर्निश मारतो. नाहीतर उन्हानं केव्हाच उडाला असता रंग. मी म्हटलं, बाबा रे, एवढी जागा बुजवून टाक, आमचे साहेब मला विचारतात. तर म्हणतो, ती घरच्या बाईची जागा आहे. आता भिंतीला कसली आली घरची बाई?"

तो हसला. शेजारीणही हसली. रविवारी मिस्त्रींच्या अंगाला वॉर्निशचा वास येतो हे मला माहीत होतं. मला वाटायचं, कुठे वरकड काम धरलं असेल.

घरची बाई म्हणजे काय, तेही मला माहीत होतं. मिस्त्रींच्या कामाची ती रीत आहे, त्यांच्या उस्तादांपासून चालत आलेली. कुठल्याही घरात काम पुरं झालं की शेवटची फरशी ते स्वतः बसवत नाहीत. सिमेंटचा माल पसरून ठेवतात, घरच्या बाईला हाक मारतात आणि ती फरशी तिच्या हातानं दाबून घेतात. माल धरेपर्यंत तिनं हात काढायचा नाही. मग मिस्त्री म्हणतात, "आता घर तुमचं." एका सडाफटिंग माणसाच्या घरी काम होतं, तर त्याची आई गावाहून येईपर्यंत न्हाणीघरात एक फरशी कमी. तो बिचारा त्या खड्ड्यात पाय मुरगळून बसला, पण मिस्त्री बधले नाहीत.

आमच्या स्वयंपाकघरातली शेवटची फरशी मी दाबली, तेव्हा भुंगानं माझ्या हातावर आपला डावा हात ठेवून सगळा जोर लावला होता. ती फरशी अजून जराशी खोल आहे. जमीन धुतली की नेमकं तिथे पाणी साचतं. मिस्त्रींनी ती उचलून कधी नीट केली नाही. मला वाटायचं, लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला घरचं काम सुचतंय कुठे.

शेजारीण विचारत होती, काय झालं, चक्कर येतेय का, पाणी देऊ का. मी म्हटलं, गुडघा. गुडघ्याचा तेवढा उपयोग असतो.

घरी येऊन मी रडले नाही. मला राग आला होता. आपल्या मुलीचा कप, माझ्या हातचं बदक, आणि ते असं रस्त्यावर? दिवसभर हाताला काम लागेना. एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा एकच पाय दोनदा आखूड केला.

संध्याकाळी मिस्त्री आले. हातपाय धुतले आणि चहाला बसले. मी त्यांच्या बशीशेजारी तो तुकडा ठेवला.

त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"कुठे मिळाला?"

"शेगडीखाली."

"मी शेगडी सरकवली होती," ते म्हणाले. "कपाटही ओढलं होतं. नाही मिळाला."

"तुम्ही तर म्हणालात, टाकले!"

"मग काय दाखवायचे होते?" मिस्त्री म्हणाले. "तू तेव्हा जेवत नव्हतीस. बहिणीकडून जरा बरी होऊन आली होतीस."

"आणि फुटला कसा? त्याला हात कुणी लावला?"

त्यांनी बशी जराशी फिरवली. मला वाटलं, झालं, आजचं बोलणं संपलं. मी माझा रिकामा कप उचलायला वाकले तेव्हा म्हणाले, "मी धुवायचो."

"काय?"

"कप. तू उठायच्या आधी, रोज. आधी मीच धुवायचो ना तिचा कप. हाताला सवय. धुवायचो, पुसायचो आणि वर ठेवायचो. त्या दिवशी साबण जास्त झाला."

साबण जास्त झाला. ज्या गोष्टीपायी आम्ही इतके दिवस एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं, ती एवढीच होती. मला त्यांची दया आली, माझी आली, आणि राग होता तो होताच. हे सगळं एकदम येऊ शकतं, ते मला आता चांगलं माहीत आहे.

"म्हणून भिंतीला लावलेत? जगाला दाखवायला? येणारा जाणारा त्याला बूट म्हणतोय!"

"घरात कुठे ठेवणार होतो? तुकडे हत्यारांच्या पेटीत होते. पेटी उचलली की वाजायचे." त्यांनी चहाकडे पाहिलं, प्यायले नाहीत. "भिंतीचं काम निघालं. चित्र काढणारी मुलगी म्हणाली, लहान मुलांना दिसेल असं खाली काहीतरी लावा. मग मी लावलं."

"आणि माझी जागा ठेवलीत. मला सांगितलं नाहीत!"

"तू नदीवर येत नव्हतीस."

"तुम्ही बोलावलंच नाहीत!"

"झोपाळे आहेत तिथे," मिस्त्री म्हणाले.

चहावर साय धरली. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मिस्त्रींनी एका बोटानं तो तुकडा माझ्याकडे सरकवला, अगदी हळू, मोडेल म्हणून.

"हा तू ठेव. तुझा आहे. तिथे मी साधा पांढरा लावीन. तू फक्त हात लावायला ये."

"मी तुकडाही देणार नाही आणि हातही लावणार नाही," मी म्हटलं. तुकडा उचलला, डब्यात टाकला आणि झाकण असं आपटलं की मिस्त्री दचकले. माझ्याजवळ तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. कपडे मी तेव्हाच देऊन टाकले होते, कारण कपड्यांकडे बघितलं की मला उसवावंसं वाटतं, आणि तिचे उसवायची माझ्यात ताकद नव्हती.

तरी मी रोज सकाळी नदीवर जायला लागले. शेजारणीला वाटलं, तिच्यामुळे. वाटू दे. वळणावर आले की मी तिला पुढे घालायची आणि पायांत बूट कशाला घातलेत, चाला की जरा, असं म्हणून स्वतः भिंतीशी थांबायची. वॉर्निशखाली मी रंगवलेलं बदकाचं लाल पोट आणि शेपूट चकाकत होतं. त्याच्या चिरा मिस्त्रींनी अशा जोडल्या होत्या की मी शर्टाचं भोकसुद्धा तसं रफू करू शकले नसते. वर तो खळगा.

एका सकाळी एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. माणसाचं लक्ष फोनमध्ये. पोरगी भिंतीला हात घासत चालली होती, ती बदकाशी येऊन उकिडवी बसली आणि खळग्यात बोट घातलं.

"बाबा, याचं डोकं कुठे गेलं?"

"उडून गेलं."

"कुठे?"

"गेलं, बाळा. आता काही येत नाही ते परत. चल."

"उडून-बिडून काही गेलेलं नाही!" मी इतक्या जोरात बोलले की त्या माणसानं फोनमधून मान वर काढली. "माझ्या घरी आहे ते."

पोरीनं मला खालून वर निरखून पाहिलं.

"मग आण ना," ती म्हणाली.

बापानं तिचा हात धरून तिला जवळजवळ ओढतच नेलं. त्याचं काही चुकलं नाही, सकाळी सकाळी नदीकाठी बदकाचं डोकं घरी ठेवलंय म्हणून ओरडणारी बाई भेटली तर मीही तेच केलं असतं. पण मी तिथेच उभी राहिले. पोरगी वळून वळून बघत होती. खरं तर तिनं बदकाकडे बघायला हवं होतं, माझ्याकडे नाही. आमचं बदक कुणाकडे बघत नव्हतं, कारण त्याचा डोळा मी अंधारात बटणांखाली पुरून ठेवला होता. भुंगानं यासाठीच तर भोकाड पसरलं होतं.

घरी येऊन मिस्त्रींना म्हटलं, "रविवारी मी येतेय तुमच्याबरोबर."

ते घमेलं खरवडत होते. "बरं," म्हणाले आणि पुन्हा खरवडायला लागले. पण खरवडायचं त्यात काही उरलं नव्हतं.

रविवारी आम्ही निघालो. मिस्त्रींच्या खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात बादली आणि तीत थापी, पांढऱ्या सिमेंटची पुडी, पाण्याची बाटली. माझ्या हातात रुमालात गुंडाळलेला तुकडा. बागेच्या दाराशी झोपाळे दिसतातच, टाळतो म्हटलं तरी. डावीकडच्यावर कुणाचं तरी पोर होतं. आम्ही थांबलो नाही. दोघांनीही पाहिलं, आणि दोघांनीही पाहिलं हे दोघांना कळलं. मिस्त्रींनी बादली दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या अगदी शेजारून चालायला लागले.

भिंतीशी त्यांनी गुडघे टेकले, खळगा पाण्यानं भिजवला, ब्रशनं साफ केला आणि हात पुढे केला. मी रुमाल उघडला. त्यांनी तुकडा कोरडाच लावून पाहिला. बसेना. काठाकडची बाजू जराशी मोठी होती, नखाएवढी.

मिस्त्रींचा हात सवयीनं पिशवीत गेला आणि पकड बाहेर आली.

"काठ जरासा..."

मी तुकडा त्यांच्या हातातून हिसकून घेतला.

"एक कण कापायचा नाही!"

त्यांनी हातातल्या पकडीकडे असं पाहिलं, जणू ती हातात कुणी दिली तेच त्यांना कळत नव्हतं. मग ती पिशवीत पार तळाशी ठेवून दिली.

"नाही कापत," ते म्हणाले. "चुकलं माझं."

मग त्यांनी छन्नी आणि छोटी हातोडी घेतली आणि शेजारचा निळ्या बशीचा तुकडा काढायला घेतला. ठोकत नव्हते, टिचक्या मारत होते. भिंतीतून धूळ निघायची, ते फुंकर मारायचे, पुन्हा टिचकी. घाम त्यांच्या नाकाच्या टोकावर आला आणि मी पदरानं पुसला. किती दिवसांनी मी त्यांच्या चेहऱ्याला हात लावला, ते मलाही आठवेना. शेवटी निळा तुकडा अखंड निघाला. मिस्त्रींनी तो पुसून शर्टाच्या खिशात ठेवला.

"तो कुणाचा?" मी विचारलं.

"असेल कुणाच्या तरी घरचा. त्याला दुसरीकडे जागा करू."

माल कालवून त्यांनी खळग्यात भरला, थापीच्या टोकानं रेघा ओढल्या आणि बाजूला सरकून बसले. दुसऱ्यांच्या घरी बसतात तसे, घरच्या बाईला वाट करून देत.

मी तुकडा लावला आणि तळहातानं दाबला. कडेनं थोडा माल बाहेर आला, तो मिस्त्रींनी बोटानं निपटून घेतला. डोकं धडाला लागलं. धडाचा लाल वॉर्निशनं गडद राहिलेला, डोक्याचा बटणांत घासून फिका झालेला. जोडल्यावरही ते बदक दिसत नव्हतंच. चोच असलेला बूट दिसत होता. मला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू, आणि मग मला आवरेना. मिस्त्रींच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते, कारण त्यांच्या दोन्ही हातांना सिमेंट होतं.

मी अंगातला सगळा जोर लावून दाबत होते. तरी तुकडा खोल गेला नाही, भिंतीच्या सपाटीला बरोबर बसला. कसा जाणार खोल? जोर लावायला माझ्या हातावर दुसरा हात नव्हता.

"आता घर तुमचं" हे शब्द मिस्त्रींनी उभ्या जन्मात किती बायकांना म्हटले असतील. मी वाट पाहिली. त्यांचे ओठ हलले, पण ते म्हणवलं नाही त्यांना.

ऊन भिंतीवर आलं. माळी पाइप घेऊन आला, आम्हाला पाहून न बोलता दुसऱ्या वाटेनं गेला. माझा हात बधिर झाला.

"धरलंय त्यानं," मिस्त्री म्हणाले. "काढ आता हात."

"नाही काढायचा मला."

त्यांनी बादलीतलं उरलेलं पाणी झाडाला ओतलं, बादली पालथी घातली आणि माझ्याशेजारी तिच्यावर बसले.

"बरं," ते म्हणाले. "राहू दे."